वरच्या अंगाचे राजे

आमच्या घरात त्या वर्षी दोनच गोष्टी साठवल्या जायच्या, एक पाणी आणि दुसरे रविवारचे किस्से. पाणी पुढचा टँकर येण्याच्या आधीच संपायचं. किस्से मात्र संपता संपेनात. एकावर झाकण ठेवावं तर दुसरा भरून वाहायला लागायचा. मी मुळात कमी बोलणारी, त्यामुळे ते माझ्याकडे तसेच भरलेले राहिले.

लग्न होऊन मी पैठणहून इथं आले तेव्हा पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. आमची बिल्डिंग शहराच्या अगदी नव्या टोकाला. तिथं रस्त्याच्या आधी होर्डिंग आलं होतं, होर्डिंगच्या आधी प्लॉट विकले गेले होते, आणि पाण्याची पाइपलाइन अजून घरून निघालेलीच नव्हती. पार्किंगमध्ये गाड्या कमी आणि निळे ड्रम जास्त. अशा ठिकाणी माझ्या नवऱ्यानं, म्हणजे अमोलनं, आणि त्याच्या तीन मित्रांनी दर रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये बसून राज्यं स्थापन करायला सुरुवात केली.

खेळ काढला राहुलभावजींनी. ते वरच्या मजल्यावर राहायचे आणि क्रांती चौकाजवळ त्यांचं फ्लेक्स छापायचं दुकान. हॉस्टेलवर असताना त्यांनी कॉम्प्युटरवर असले खेळ खेळलेले. आता त्यांनी एका भल्यामोठ्या फ्लेक्सवर एक काल्पनिक दुनियाच छापून आणली. वर डोंगर, डोंगरातून निघालेली एक नदी, पलीकडे समुद्र, आणि नदीच्या खालच्या टोकाला मोठा खाकी पट्टा. तिथं खरं तर घनदाट जंगल यायचं होतं, पण हिरवी शाई संपली.

प्रत्येकानं आपला मूळ देश निवडायचा, राजचिन्ह ठरवायचं आणि फासे टाकत राज्य वाढवायचं, असा खेळ. सासूबाई दिवाणावर मेथी निवडत बसायच्या आणि नकाशाकडे न बघता सगळं बघायच्या.

"बायका आल्या तरी ह्यांचं भातुकलं सुटंना," एवढंच म्हणायच्या.

\*

देश निवडायची वेळ आली तेव्हा राहुलभावजींनी नदीच्या उगमावर बोट ठेवलं. नकाशा त्यांचा, त्यामुळे कुणाला बोलता येईना. त्याच्या खालचं वळण सुनीलदादांनी धरलं. हे आमच्या खालच्या मजल्यावरचे, जमिनीचे व्यवहार करणारे. त्याच्या खालचं वळण अमोलनं.

पहिल्या डावात माणसं सहसा किल्ला बांधतात, सैन्य उभं करतात. ह्यांच्या पहिल्या डावात तीन धरणं झाली. राजवाडा एकाचाही नाही. मी धरणाखालच्या गावची. वरच्यांचं भरल्याशिवाय खाली काही येत नाही, हे मला अ आ इ च्या आधी कळलेलं. मी चहा ठेवला.

फिरोजभाईंनी मात्र समुद्र घेतला. फिरोजभाई अमोलचे शाळेपासूनचे दोस्त, गुलमंडीवर कापडाचं दुकान. ते म्हणाले, "तुम्ही नदीवरून भांडत बसा. अपन समुंदरवाले, आपल्याला पाण्याचं टेन्शनच नाय." राजचिन्ह म्हणून जहाजही छापून घेतलं.

दुसऱ्या डावात पिण्याच्या पाण्याचा नियम आला. फिरोजभाईंनी नकाशाकडे बराच वेळ बघितलं. मग हळूच राहुलभावजींना विचारलं, "यार, ह्या जहाजात टँकर चढतो का बघ ना."

\*

त्याच दिवशी मी कप उचलता उचलता विचारलं, "माझा देश कोणता?"

सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी दुधात साखरेऐवजी मीठ घातलंय. अमोल हसून म्हणाला, "अगं, तू माझ्याच देशात आहेस की." राहुलभावजींनी नियम सांगितला. एका घराला एक देश, एक चिन्ह. सुनीलदादा म्हणाले, वहिनी, महाराणी व्हा, महाराणीला काही करावं लागत नाही.

मी स्वयंपाकघरात जाऊन राजघराण्याचे कप विसळले. अर्ध्या बादलीत. पण मला खेळायचं होतं. ती गोष्ट मनातून जाईना.

\*

अमोलचं राजचिन्ह सिंह. नुसता सिंह नाही, गर्जना करणारा. राहुलभावजींकडे तो तयारच होता, कुणा नेत्याच्या वाढदिवसाच्या बॅनरवरचा. त्यातला नेता कापला आणि सिंह ठेवला. सहा स्टिकरं आली. अमोलनं एक दारावर लावलं आणि लांब उभं राहून बघत राहिला.

सासूबाईंनी चष्मा लावून खालची बारीक ओळ वाचली. "शुभेच्छुक, समस्त मित्रमंडळ."

तीही कापायची राहून गेली होती.

राहुलभावजींचं स्वतःचं चिन्ह म्हणजे दोन तलवारी, आणि मध्ये हात जोडलेला त्यांचाच फोटो. फोटोशिवायचं डिझाइन त्यांच्या हातून आयुष्यात झालेलं नव्हतं.

\*

सुनीलदादांनी लांडगा निवडला. पिवळे डोळे, सुळे, मागं चंद्र. मोठा बॅनर करून आपल्या घरच्या हॉलमध्ये टांगला. आता सुनीलदादांच्या घरी पिढ्यानपिढ्या मेंढरं. ते पहिले शहरात आले, पांढरे शर्ट घालायला लागले, पण वडील अजून गावाकडं कळप राखून होते. चारा मिळेना म्हणून मेंढरं भावकीच्या हवाली करून ते चार दिवस लेकाकडं आले.

आत पाऊल टाकलं आणि समोर लांडगा. म्हातारबाबांनी आधी काठी सावरली. मग जवळ जाऊन बॅनरला हात लावून बघितला.

"सुन्या, ह्याला हाकलण्यात माझी उभी जिंदगी गेली. अन् तू ह्याला घरात टांगला व्हय?"

सुनीलदादांनी इंग्रजीतून काहीतरी पॉवरबद्दल सांगितलं. बाबा जेवले नाहीत. बॅनरकडं तोंड करून, काठी मांडीवर घेऊन बसून राहिले.

पुढच्या रविवारी लांडग्याच्या शेजारी एक दांडगं कुत्रं छापून आलं होतं. बाबा मग जेवले.

\*

एकदा ह्या सगळ्या दुनियेला नाव द्यायचा विषय निघाला. राहुलभावजींनी पेन काढलं. फिरोजभाईंनी अमोलकडं बघितलं, अमोलनं फिरोजभाईंकडं. दोघंही ह्याच शहरात लहानाचे मोठे झालेले. शहराच्या नावावरून काय काय झालं, ते दोघांनाही तोंडपाठ.

"चहा थंड होतोय," फिरोजभाई म्हणाले.

"व्हय, चहा घ्या आधी," अमोल म्हणाला.

आमच्या दुनियेला आजतागायत नाव नाही.

\*

टँकरच्या दिवशी ड्रमची अदलाबदल ही आमच्या बिल्डिंगमधली कायमची लढाई. सगळेच निळे, मग ओळखायचे कसे? अमोलला एक दिवस सुचलं की राजचिन्हांची स्टिकरं उरलीच आहेत. झालं. आमच्या ड्रमांवर सिंह गेले, सुनीलदादांच्या ड्रमांवर लांडगा आणि कुत्रं, राहुलभावजींच्या ड्रमांवर तलवारी आणि हात जोडलेला फोटो.

टँकरवाले मामा पाइप घेऊन उतरले. एका ओळीत उभी राजघराणी बघून थबकले. राहुलभावजींच्या ड्रमसमोर आले तेव्हा पाइप बगलेत धरून त्यांनी रीतसर नमस्कार केला.

मग मला हळूच विचारलं, "कधी गेले?"

\*

सुनीलदादांना आपल्या देशातही स्वस्थ बसवेना. पाऊस नसल्यानं खेळातलं त्यांचं धरण कोरडं पडलं होतं. त्यांनी धरणाच्या पोटात खडूनं रेघा मारल्या आणि प्लॉट पाडले. "लेक व्ह्यू," म्हणाले. बाकीच्या तिन्ही राजांनी खेळातलं धान्य देऊन एकेक प्लॉट घेतला. दोन राजांची खरी घरं त्यांनीच विकलेली, आणि पाइपलाइनही त्यांनीच कबूल केलेली. तरी घेतला.

ह्याच सुमाराला मी पुन्हा विचारलं. चहा देता देता नाही. चहा देऊन झाल्यावर, नकाशाजवळ खाली बसून.

"हा खाकी पट्टा कुणाचाय?"

"कुणाचाच नाही," राहुलभावजी म्हणाले. "तिथं काहीच नाही, वहिनी."

"मग मला द्या."

एका घराला एक देश, ही आठवण अमोल करून देणार होता. पण फिरोजभाई म्हणाले की ओसाड जमिनीला देश म्हणायचं की नाही हेच अजून ठरलेलं नाही, तर देऊन टाका भाभींना. सगळे हसले. अमोलही हसला. "घे. तिथं काय पिकणारे?"

राजचिन्ह मी स्वतः काढलं, मार्करनं. पिंपळाचं पान.

पिंपळाचं पान हे आमच्या माहेरचं देवक. लग्नाच्या आधी मांडवात त्याची पूजा झाली, माझ्या डोक्यावर अक्षता पडल्या, आणि त्या दिवसापासून माझं देवक ह्या घरचं झालं. कुणी मला विचारलं नाही, कारण ते विचारायचं नसतंच. पान तेवढं हाताला आठवत होतं.

"पान?" अमोल म्हणाला. "पानाला घाबरणार कोण?"

सासूबाईंची मेथी तेवढ्यापुरती थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

\*

त्यानंतर काय झालं ते फाशांना माहीत. बाहेर आभाळ पांढरंफटक, गॅलरीतली तुळस दाढीच्या मगातल्या पाण्यावर जगलेली, आणि आमच्या हॉलमध्ये धो धो पाऊस. राहुलभावजी पावसाचा फासा टाकायचे आणि सहा पडायचा. पुन्हा टाकायचे, पुन्हा सहा.

सुनीलदादांचं धरण भरलं. तिन्ही राजांचे प्लॉट पाण्यात. तिघं त्यांच्यावर धावून गेले. सुनीलदादांनी शांतपणे बिस्कीट चहात बुडवलं. "लेक व्ह्यू म्हणालो होतो ना? लेक आला."

पण भांडायला वेळ नव्हता. तिन्ही धरणं काठोकाठ झाली होती. नियम असा की भरलेल्या धरणाचे दरवाजे उघडायचे, नाहीतर धरण फुटतं आणि राजधानी वाहून जाते. आणि दुसरा नियम असा की दुसऱ्याच्या देशात पाणी सोडायचं तर त्याची परवानगी लागते. दोन्ही नियम राहुलभावजींनीच छापलेले. आता सगळ्यांचं पाणी उतरत उतरत शेवटी येणार कुठं? चौघांची बोटं नदीवरून खाली सरकत सरकत खाकी पट्ट्यावर येऊन थांबली. पिंपळाच्या पानावर.

मी आत पोळ्या लाटत होते. अमोल स्वयंपाकघराच्या दारात आला. मागं सुनीलदादा, त्यांच्या मागं राहुलभावजी.

"अगं, जरा पाणी सोडायचं होतं. तुझ्याकडं."

मी पोळी उलटली. लग्न झाल्यापासून ह्या दारात मला कुणी काही मागायला आलं होतं ते चहाच.

"सोडा," मी म्हणाले. "पण रोज नको. चार दिवसांआड, तासभर. प्रेशर कमी ठेवा. आणि कधी सोडणार ते आधी सांगायचं नाही. लोकांनी जागं राहायचं."

बाहेर फिरोजभाईंनी समुद्राकाठून मोठ्यानं हाक दिली. "अमोल, भाभी खरीखुरी सरकार निकली रे."

एवढ्याशा वाटेनं वरचं पाणी उतरेना, आणि तासाभरात राहुलभावजींची राजधानी वाहून गेली, तलवारींसकट. अमोलनं मात्र दरवाजे माझ्या अटींवर उघडले आणि तेवढा तो वाचला.

\*

पुढच्या टँकरला मी एक ड्रम वेगळा काढला. घासला, पुसला, त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं पिंपळाचं पान काढलं आणि सिंहांच्या ओळीत उभा केला. अमोलनं वरून बघितलं. खाली येऊन आपला एक सिंह जरा बाजूला सरकवला आणि पानाला जागा करून दिली.

संध्याकाळी पाणी भरून झालं तेव्हा सासूबाई काठीच्या आधारानं जिने उतरून खाली आल्या. त्या कधी येत नाहीत. पानासमोर उभ्या राहिल्या.

"हे तुझं माहेरचं?"

"हो."

आता बोलणी बसणार म्हणून मी ब्रश मागं लपवला. त्यांनी हात पुढं केला. ब्रशसाठी नाही, ड्रम दाखवायला. कोपऱ्यातला जुना, झाकण तडकलेला.

"त्याच्यावर मोराचं पीस काढून दे मला. आमच्यात मोराचं पीस होतं."

मी खाली बसून पीस काढायला लागले. त्या वाकून बघत होत्या, डोळा जरा मोठा कर म्हणत होत्या, दांडी इतकी वाकडी नसती म्हणत होत्या. तीस-पस्तीस वर्षांत बघितलं नसेल, पण दांडी पक्की लक्षात होती.

रविवारी मंडळी जमली. सासूबाईंनी मेथीचं ताट बाजूला सारलं आणि दिवाणावरून खाली, नकाशाजवळ येऊन बसल्या.

"राहुल, मला पण एक देश दे."

राहुलभावजींनी एका घराला किती देश हा विषय काढला नाही. त्यांची स्वतःची राजधानी अजून चिखलात होती. ते आदरानं म्हणाले, "घ्या ना काकू. कुठं देऊ? डोंगरात? समुद्राकाठी?"

सासूबाईंनी चष्मा सारखा केला. नदीवर बोट ठेवलं आणि ते हळूहळू खाली आणलं. राहुलभावजींच्या पुढं, सुनीलदादांच्या पुढं, अमोलचा सिंह ओलांडून. माझ्या पानाच्या बरोबर वरच्या अंगाला येऊन थांबल्या.

"इथं. ह्या दोघांच्या मधी."

अमोलनं माझ्याकडं बघितलं. मी सासूबाईंकडं.

"आई," मी विचारलं, "धरण बांधणार का?"

त्यांनी मेथीचं ताट पुन्हा पुढं ओढलं.

"बघू. तू कशी वागतीस त्याच्यावर."