क्रियापद पुढच्या गल्लीत

वीस वर्षं मी खालापुरातून एक साप्ताहिक चालवलं. नगरसेवकांना त्यात इतकं झोडपलं, की शेवटी भिसेगावातले शेजारी म्हणाले, आता तुम्हीच उभे राहा. राहिलो आणि निवडूनही आलो. सगळ्यात जास्त नवल मलाच वाटलं. वॉर्डातली गटारं कुठून कुठे जातात हे समजून घेत होतो, तेवढ्यात सीमेवर युद्ध पेटलं.

संध्याकाळी भोंगा वाजला की पंधरा मिनिटं दिवे बंद, असा सराव ठरला. वॉर्डात ते पुकारण्याचं काम माझ्याकडे आलं. मजकूर दुसऱ्या कुणाला लिहू देणं माझ्या स्वभावात नव्हतं. दुपारभर बसून लिहिला. त्यात देशापुढचं संकट होतं, नागरिकांचं कर्तव्य होतं, इन्व्हर्टरही होता, आणि सगळं एकाच वाक्यात होतं.

रिक्षावर कर्णा लावून पुकारा करणारे चाचा माझ्याच वयाचे. कागद वाचून म्हणाले, वाक्य जरा लांब हाय. मी त्यांना अग्रलेख म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी निमूटपणे मजकूर रेकॉर्ड केला आणि रिक्षा काढली.

भोंगा वाजला. आमची गल्ली क्षणात काळोखात गेली. एकही चूक नसलेलं पहिलं पान छापून आल्यावर वाटायचं, तसं वाटलं. बॅटरी घेऊन मागच्या गल्लीत वळलो तर तिथे दिवाळी. दारोदारी पणत्या, एका गच्चीवर रंगीत माळा. एक म्हाताऱ्या काकू उंबऱ्यात बसून पणतीत तेल ओतत होत्या. मी विचारलं, हे काय चाललंय?

"तुमीच सांगितलं ना भाऊ," त्या म्हणाल्या, "भोंगा वाजताच घरातले, अंगणातले, गच्चीवरले दिवे. मग रिक्षा गेली पुढं. दिवे लावायचेच असतात ना?"

माझं 'बंद ठेवावेत' शाळेच्या रिकाम्या मैदानाला ऐकू गेलं होतं. आमच्या गल्लीत टेंपो आडवा आल्यामुळे रिक्षा थांबली होती, म्हणून तेवढं वाक्य पूर्ण झालं.

मग मी दारोदार पळालो. धाप लागल्यावर आपोआप छोटी वाक्यं येतात. शेवटची पणती मी स्वतः फुंकून विझवली आणि सराव संपल्याचा भोंगा झाला. पाहणीला आलेल्या साहेबांनी वहीत काय लिहू असं विचारलं. दुसऱ्या कुणाचा वॉर्ड असता तर मथळा मला तिथेच सुचला असता. लोकांचा सहभाग उत्साही होता, असं लिहा म्हणालो.

दुसऱ्या दिवशी चाचांकडे गेलो आणि पुढच्या सरावाचा मजकूर तुम्हीच लिहा म्हटलं. त्यांनी बिडीच्या पाकिटामागे लिहिलं: "भोंगा वाजला. दिवे बंद." मी तीनदा वाचलं. दुरुस्तीला जागाच नव्हती.

दोन दिवसांत युद्ध थांबलं आणि दुसरा सराव झालाच नाही. सगळ्यांना हायसं वाटलं. चाचा तेवढे जरा हिरमुसले.