दाजींचा इंतजाम

आमच्या दाजींनी आयुष्यात एकही सामना धड शेवटपर्यंत पाहिला नाही, आणि तरीही परभणीपासून जिंतुरापर्यंतच्या निम्म्या माणसांनी आपल्या जन्मातला पहिला सामना पाहिला तो दाजींमुळेच. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. परभणीच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आहे, असं म्हणायची पद्धत होती. खरं तर दुकान ताईचं होतं, दाजी तिथे दोन सहलींच्या मध्ये विसाव्याला येत. कुठे कुस्त्यांचा फड आहे, कुठे कबड्डीचे सामने आहेत, याचा वास त्यांना चार जिल्ह्यांवरून येई. मग ते ट्रक ठरवत, नाहीतर एस.टी.च्या डेपोत जादा गाडीसाठी साहेबाच्या टेबलापुढे दुपारभर ठिय्या देत, आणि ज्यांनी कधी गावची शीव ओलांडली नाही अशांना उचलून दूरच्या मैदानाच्या कडेला नेऊन बसवत. तिथे पोचलं की कोणाची चप्पल हरवलेली असे, कोणाला गाडी लागलेली असे, कोणी भलत्याच गावच्या घोळक्यात बसलेला असे. इकडे गर्दी उठून ओरडू लागली की दाजी मैदानाकडे पाठ करून आपल्याच माणसांची तोंडं बघत आणि विचारत, "काय झालं? कोन पडला?"

त्यांच्या गळ्यात बारमाही एक पितळी शिट्टी असे. आंघोळीला जाताना ती काढतात की नाही, याबद्दल आमच्या घरात दोन मतं होती. एका लग्नात वऱ्हाडी उन्हात पांगले म्हणून दाजींनी सवयीने शिट्टी फुंकली. वऱ्हाडी तर जमलेच, पण बँडवाल्यांनी ती खूण समजून वाजवायला सुरुवात केली, आणि मुहूर्ताला अवकाश असताना निम्म्या मांडवाने अक्षता टाकून दिल्या. नवऱ्यामुलाचा बाप तणतणत आला, तेव्हा दाजी शांतपणे म्हणाले, "येळेच्या आदी झालं तर बिघडलं कुठं? इंतजाम असा पायजे."

इंतजाम हा त्यांचा लाडका शब्द. एकदा त्यांनी हौसेने हैदराबादला क्रिकेट दाखवायला माणसं नेली. त्यात चारठाण्याकडचा एक म्हातारा मेंढपाळ होता. परतल्यावर सगळे त्याला विचारू लागले, कसं काय वाटलं? म्हातारा हळहळून म्हणाला, "येवढं हिरवंगार गवत, अन् एकबी मेंढरू न्हाई!" दाजी हे वाक्य पुढे वर्षानुवर्षं सांगत, आणि दर वेळी त्या म्हाताऱ्याच्या बाजूने बोलत.

पण दाजी म्हटलं की मला आठवते ती त्यांची एक फसलेली सहल. झरीच्या शाळेतल्या मुलींचा खो-खोचा संघ तालुक्यात जिंकला होता आणि जालन्याला मोठे सामने होते. पोरींना रात्रभर परगावी ठेवायला गाव तयार होईना. दाजी घरोघर फिरले, उंबऱ्याउंबऱ्यावर चहा प्याले, आणि शेवटी "तुमची बायको संगं येत आसंल तर न्या" इथवर आयांना आणलं. दुकान बंद करावं लागतंय म्हणून ताई कुरकुरत निघाली आणि ताईच्या सोबतीला मी. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीची ती वर्षं होती. कधी बंद, कधी रास्ता रोको, कुठल्या गावात काय पेटेल याचा नेम नसे. संघात बारा मुली होत्या. त्यातल्या दोघी, सुमन आणि तिची चुलतबहीण, बौद्ध वस्तीतल्या होत्या. त्यांना वगळा, असं एकदोघांनी सुचवलं तेव्हा दाजी म्हणाले, "सुमनला वगळून खो कोन देनार, तुमी?" विषय तिथेच संपला.

जिंतूर ओलांडून आमची गाडी चारठाण्याच्या अलीकडे थांबली. पुढे झाडं तोडून आडवी टाकली होती, मागेही रस्ता अडल्याची बातमी आली. ड्रायव्हरने हात वर केले. उन्हं कलायला लागली होती. दाजी एकदा पुढच्या रस्त्याकडे, एकदा पोरींकडे बघत होते. त्यांच्या कपाळावर घाम मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मग त्यांनी शिट्टी सदऱ्याच्या आत टाकली आणि आम्हाला घेऊन शेतांमधल्या पांदीने एका गावाकडे निघाले.

पहिल्याच मोठ्या घरासमोर ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "रहा की," म्हणाले. मग पोरींवरून नजर फिरवत थांबले. "पोरी कुनाकुनाच्या हायत?"

त्या दिवसांत ह्या प्रश्नाचा अर्थ एकच होता. ताईने माझा दंड धरला. सुमन मान खाली घालून अंगठ्याने माती उकरू लागली.

"माझ्या," दाजी म्हणाले.

"समद्या?"

"समद्या."

"बाराच्या बारा?"

"देवाची किरपा."

म्हाताऱ्याने ताईकडे पाहिलं. ताई तेव्हा तिशीचीही नव्हती, आणि अंगाने अशी की दुकानातला गजसुद्धा तिच्यापेक्षा जाड दिसे. पोरींतल्या निम्म्या एकाच वयाच्या. म्हाताऱ्यांनी नजर दाजींवर रोखली. दाजींनीही नजर हटवली नाही. तेवढ्यात सुमनने मान वर केली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "बा, पाय दुखायलेत. बसू का?"

दाराआडून खुदकन हसू आलं. घरातली म्हातारी तांब्या घेऊन बाहेर आली आणि नवऱ्याला म्हणाली, "बापच सांगायलाय म्हनल्यावर आपुन कोन इचारनारे?" तिने तांब्या थेट सुमनच्या हातात दिला. म्हातारे उठले आणि पोरींना बसायला घोंगडी आणायला आत गेले. त्यांना काहीच कळलं नव्हतं असं मला आजही वाटत नाही.

दोन दिवस आम्ही तिथे अडकलो. बाराही पोरींनी त्या नात्याचा पुरेपूर फायदा घेतला. "बा, हुरडा पायजे." "बा, माझी रिबन बांधा." दाजी रिबनी बांधत हिंडत होते. ताई म्हातारीला भाकरी थापायला मदत करता करता म्हणाली, "येवढी बाळंतपनं झाली, अन् यकदाबी मला डिंकाचे लाडू मिळाले न्हाईत." तिकडे जालन्याचे सामने आमच्यावाचून सुरू झाले असणार, हे कळून पोरी हिरमुसल्या. तेव्हा दाजींनी रिकाम्या खळ्यात दोन बल्ल्या रोवल्या, संघाचे दोन भाग केले, कमी पडलेल्या जागी गावातल्याच पोरी उभ्या केल्या आणि सामना लावला. सगळं गाव बघायला आलं. गड्यांनी चारा टाकायचा सोडला. सुमन गावातल्या पोरींच्या हाती लागेना तेव्हा म्हातारे ओट्यावरून ओरडले, "आरं, धाकलीला धरा कुनीतरी!" धाकली कोण, थोरली कोण, हे त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

रस्ता उघडल्यावर कापसाच्या ट्रकमधून आम्ही झरीला परतलो. आयाबाप वाट बघून सुकले होते. पोरी सुखरूप बघून बायका रडल्या, दाजींच्या पाया पडल्या. पण कुठे राहिलात, काय जेवलात, हे बोलताबोलता निघालं, आणि एका मुलीचे वडील एकदम विचारू लागले, "यकाच पंगतीत? समद्या?" दाजी म्हणाले, "बहिनी येगळ्या पंगतीत जेवतेत का?" वडिलांनी मुलीचा हात धरला आणि चालू लागले. पुढच्या वर्षी ती मुलगी खेळायला आली नाही, तिच्यामागे आणखी दोघी आल्या नाहीत, आणि संघ मोडला. दाजी त्या घरी पुन्हापुन्हा गेले. दर वेळी चहा मिळाला, पोरगी मिळाली नाही. लोकांना हसवणारे दाजी ह्या एका गोष्टीवर कधी विनोद करू देत नसत.

पुढे घरोघर टीव्ही आले. "ह्याला काय मॅच बघनं म्हनतेत? ना वाटंत पंचर, ना शेजारच्याचा घाम!" असं दाजी तावातावाने म्हणत, पण माणसं पडद्यासमोरून उठेनात. ज्यांना जायचं होतं त्यांच्यासाठी मऊ खुर्च्यांच्या ट्रॅव्हल्सच्या गाड्या निघाल्या. डेपोतले साहेब बदलले, दाजींचे गुडघे धरले, आणि ते नाइलाजाने खरोखरच दुकानात बसू लागले. ताईने गिऱ्हाइकांसमोर त्यांचं कौतुक केलं, पण मला एकदा हळूच म्हणाली, "घरात आसले की घर लय भरल्यासारखं होतंय रे, पन त्येंचं ध्यान नसतंय."

नामविस्तार झाला त्या सुमाराची गोष्ट. सकाळी मी औरंगाबादला निघालो होतो, दाजी पोचवायला स्टँडवर आले. शेजारच्या फलाटावर कुठल्यातरी शाळेचा मुलींचा संघ चढत होता. सारख्या टोप्या, सारख्या बॅगा, बरोबर त्यांच्या तरुण मास्तरीणबाई. दाजी काठी टेकत खिडकीपाशी गेले.

"कुठं चाललाव, बाळांनो?"

"जालन्याला, आजोबा."

दाजींनी एकदा गाडीच्या तोंडाकडे आणि एकदा उन्हाकडे पाहिलं. मग म्हणाले, "समद्याजनी डाव्या बाजूला बसा. दुपारपस्तोर ऊन लागनार न्हाई."

मुली एकमेकींकडे बघून हसल्या, पण सरकत सरकत डावीकडे गेल्या. गाडी निघाली. माझीही गाडी लागली होती, कंडक्टर हाका मारत होता. पण दाजींनी हात कपाळावर धरला होता आणि ते त्या गाडीच्या मागे बघत उभे होते. मी त्यांना हाक मारली नाही. माझी गाडी मी जाऊ दिली.