अण्णांच्या बरगड्या

माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, जेवण कसं झालंय असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "बरं आहे." लग्नातलं जेवण असो की दवाखान्यातली खिचडी, निकाल तोच. गेल्या हिवाळ्यात याच दोन शब्दांपायी मी आणि माझा धाकटा भाऊ हैदराबाद पालथं घालत हिंडलो.

आई जाऊन वर्ष झालं होतं. तेव्हापासून अण्णांचं खाणंच तुटलं होतं. ते काचीगुड्याला एकटे, मी तारनाक्याला, आणि भाऊ तिकडे गच्चीबावलीच्या काचेच्या इमारतींत. मी जाऊन बघावं तर दोन घास दहीभात, अर्धी भाकरी, की झालं जेवण. पँट खाली येते म्हणून पट्ट्याला घरीच खिळ्यानं नवीन भोकं पाडत बसायचे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की असंच चाललं तर फार दिवस निघणार नाहीत. आणि वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी अण्णा आपणहून म्हणाले, "भाजलेली बरगडी खावीशी वाटते गं." वर्षभरात त्यांनी तोंडानं मागितलेली ही पहिली गोष्ट. मी म्हटलं, घरीच भाजा की. तर म्हणाले, आता नको, ती शेगडी कुठं पडलीय कोण जाणे.

बरगड्या भाजणं हे आमच्या घरी अण्णांचं खातं. आई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळं मटणानं स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडायचा नाही. रविवारी मागच्या अंगणात अण्णांची शेगडी पेटायची. लोखंडी जाळी वेगळी, भांडी वेगळी, ती घासायचीसुद्धा अण्णांनीच. आई पळसाच्या द्रोणात वाटण आणून उंबरठ्यावर ठेवायची, म्हणजे भांडं परत आत न्यायला नको, आणि आत जाऊन बसायची. मग तासभर अण्णा आणि त्यांचे निखारे. मराठवाड्यातून नातेवाईक यायचे ते अण्णांच्या हातची बरगडी खायला. कुणी कृती विचारली की अण्णा म्हणायचे, काही नाही, निखारा ओळखता आला पाहिजे. की आम्ही सगळे माना डोलवायचो, जणू काही आम्हाला कळलंच.

तर शोध सुरू झाला. भावाचा सगळा भरवसा मोबाइलवर. जितके तारे जास्त तितकं जेवण भारी. "अक्का, टेन्शन घेऊ नको, मी रिसर्च केलाय," म्हणाला. त्याच्या रिसर्चमधल्या पहिल्या हॉटेलात इतका अंधार होता की अण्णांनी मेनूकार्ड उलटं धरलंय हे आम्हाला बऱ्याच वेळानं कळलं. भावानं फोटो बघून रिब्स मागवले. वेटरनं आधी तिघांना काळे प्लास्टिकचे हातमोजे आणून दिले. अण्णांनी ते उलटसुलट करून बघितले आणि मला हळूच विचारलं, इथं कुणाचं ऑपरेशन आहे का? मग जे ताट आलं ते डुकराचं निघालं. आमच्यात ते कुणी खात नाही, पण आमच्या भाऊसाहेबांना विचारायचं सुचलं नव्हतं, कारण रिसर्चमध्ये ते आलं नव्हतं. ते परत पाठवून मटणाच्या मागवल्या, तर त्या पाकात बुडवलेल्या. बरगडी आहे की जिलबी, काही समजेना. अण्णांनी एक चघळली आणि वेटरला सांगितलं, बरं आहे. बिचारा खूश होऊन गेला.

दुसऱ्या ठिकाणी टेबलातच शेगडी होती. मला वाटलं, चला, निखारे तरी दिसतील. निखारे दिसले, बरगडी मात्र दिसली नाही. संपली म्हणे, त्याऐवजी पनीर आणू का? तोवर आमच्या भावानं आणखी एक पराक्रम करून ठेवला होता. फुकटचा केक मिळतो म्हणून अण्णांचा वाढदिवस आहे असं त्यानं काउंटरवर सांगितलं होतं. पाच-सहा जण टाळ्या वाजवत आले, अण्णांच्या डोक्यावर चकाकणारी टोपी बसवली आणि गाणं म्हणायला लागले. अण्णा उभे राहिले. काय चाललंय ते न कळता सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत राहिले. मला इतकी लाज वाटली की भावाच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला. तो फोटो काढत होता.

मग मी म्हटलं, बस झाला तुझा रिसर्च. मलकपेठेत एक लहानसं हॉटेल मला माहीत होतं. चार टेबलं, धुरानं काळी झालेली भिंत, आणि दाढीवाले मालक स्वतः शेगडीपुढे उभे. खोटं कशाला बोलू, तिथली चांप, म्हणजे भाजलेली बरगडी, अप्रतिम होती. मी पाच खाल्ल्या, भाव न खाता. अण्णांनी दोन खाल्ल्या. मालकांनी मोठ्या उमेदीनं विचारलं, "कैसा है, चचा?" अण्णा म्हणाले, "ठीक है." बरं आहे-चं भाषांतर तेवढं झालं. उरलेल्या त्यांनी माझ्या ताटात सरकवल्या आणि पाणी पिऊन बसले.

परतताना माझा तोल गेला. तुम्हाला नक्की हवंय तरी काय, आम्ही किती नाचायचं तुमच्यापुढं, तुम्हाला मरायचंय का, असं सगळं मी रिक्षात बोलून घेतलं. अण्णा बाहेर बघत राहिले.

बोलले आणि रात्रभर जिवाला लागलं. पुढच्या रविवारी सकाळीच कसायाकडून बरगड्या घेतल्या, कोळसा घेतला आणि काचीगुड्याला जाऊन माळ्यावरून शेगडी खाली काढली. अण्णांना म्हटलं, आता तुम्हीच भाजा, म्हणजे कुणाला नावं ठेवायला जागा नको. आणि काय सांगू, माणूस बदलला. बाह्या सरसावल्या, जाळी अर्ध्या लिंबानं घासली, पुठ्ठ्यानं वारा घालून कोळसा फुलवला. निखारा लाल झाला तरी थांबले. त्यावर राखेची पांढरी साय धरली तेव्हा कुठं मान हलवली. निखारा त्यांना खरोखरच ओळखता येत होता.

मग ते पाटावर बसले, हात गुडघ्यांवर ठेवून. धुतलेल्या बरगड्या शेजारी परातीत. मी वाट बघतेय, ते बसून आहेत. निखारे विझायला लागले. लावा की आता जाळीवर, मी म्हटलं. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते.

"वाटण तुझी आई द्यायची," ते म्हणाले. "मला फक्त भाजता येतं."

लहानपणापासून तो द्रोण मी दर रविवारी बघितला होता. काडेपेटी कुणी आणून द्यावी तसा तो माझ्या लेखी होता. जिनं जन्मात मटण तोंडात घातलं नाही त्या बाईच्या हातची चव आम्ही गावभर अण्णांच्या नावावर खपवली होती. आई दोन महिने दवाखान्यात होती. त्या दोन महिन्यांत मी तिला लोणच्याचं प्रमाण विचारून घेतलं, पुरणाचं विचारलं, कपाटाची किल्ली कुठं आहे ते विचारलं. मटणाचं वाटण माळकरी बाईला कोण विचारणार? एवढी हुशार मी, सगळ्या शहराला नावं ठेवणारी.

अण्णा हळूहळू सांगायला लागले. वाटणात काय असायचं ते त्यांना माहीत नव्हतं, त्यांनी कधी विचारलंच नाही. भाजलेली बरगडी चाखता यायची नाही म्हणून ती मीठ वासावर ठरवायची. बरगड्या भाजून झाल्या की आतूनच विचारायची, मीठ बरोबर पडलंय का?

"मी म्हणायचो, बरं आहे," अण्णा म्हणाले. "दर रविवारी तेच. चांगलं झालंय असं एकदासुद्धा म्हणालो नाही."

त्यांना रडताना मी याआधी कधी बघितलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. मी आत गेले, लसूण ठेचली, तिखट-मीठ घेतलं, बाहेर येऊन बरगड्यांना चोळलं आणि कोळसा पुन्हा फुलवला. डोळे पुसत अण्णांनी त्या जाळीवर लावल्या. लक्ष नव्हतं, त्यामुळं एका बाजूनं करपल्या.

त्यांनी एक खाल्ली. मग दुसरी. मी मोजायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मोजल्या. पाच खाल्ल्या त्यांनी, हाडं स्वच्छ करून. बोटं पुसली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून, आत बसलेल्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चांगलं झालंय गं."

मीठ अगदीच कमी पडलं होतं.