भावकीची एकच मागणी

मी अर्थशास्त्र शिकवतो असं सांगितलं की लोक मला कोणता शेअर घेऊ ते विचारतात. मी त्यांना काय सांगणार? मी स्वतः तासावर शिकवतो. इंदापूरच्या बाजूला एका कॉलेजात जितके तास घेईन तितक्याचेच पैसे, सुट्टीत काही नाही. जागा रिकामी आहे, पण ती भरायला वरून मंजुरी नाही, कारण तिजोरीवर ताण आहे. म्हणजे सरकारवर कर्ज का चढतं हे पोरांना समजावून सांगायला जो माणूस लागतो, त्याला नेमायला सरकारकडे पैसे नाहीत. पहिली काही वर्षं हे मी वर्गात विनोद म्हणून सांगायचो. आता सांगत नाही, कारण पोरं हसत नाहीत.

सार्वजनिक कर्जाचा धडा मात्र मी चांगला शिकवतो. देश कर्ज काढतो ते उद्याच्या वाढीच्या भरवशावर. उत्पन्न जोरात वाढलं तर व्याज अंगावर येत नाही. नाही वाढलं तर जुनं व्याज भागवायला नवं कर्ज काढायचं. आमच्याकडच्या पोरांना हे उसावरून लगेच कळतं. कॅनॉलचं पाणी आलं तेव्हा एकरी टनेज दरवर्षी वाढत गेलं. लोकांनी खत वाढवलं, पाणी वाढवलं, आणि एका टप्प्यावर ऊस वाढायचा थांबला. मग खालच्या रानांत क्षार वर आला. आमच्या ओढ्याकडच्या पट्टीत आता उन्हात डोळे दिपतील इतकं पांढरं दिसतं. एकदा एका मुलीनं विचारलं, "सर, देशाचं पण असं झालं तर?" मी म्हणालो, ते अभ्यासक्रमात नाही. वर्ग हसला आणि मी पुढचा मुद्दा घेतला.

माझ्या वडिलांना सगळं गाव तात्या म्हणतं, मीही तात्याच म्हणतो. आयुष्यभर साखर कारखान्याला ऊस घातलेला माणूस, आणि त्यांच्या मूत्रपिंडांची वाट साखरेनंच लावली. हे ते स्वतःच सांगतात आणि हसतात. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला बारामतीला न्यावं लागतं. आमचं गाव निमगाव केतकीपासून आत आहे. पहाटे निघालो की एमआयडीसीला कामाला निघालेल्या मोटरसायकलींच्या रांगेत आम्हीही एक असायचो. जाताना ते बोलत असायचे. परत येताना गळून जायचे, डुलक्या घ्यायचे, म्हणून त्यांचं उपरणं मी आम्हा दोघांच्या कमरेभोवती गुंडाळून पुढं गाठ मारायचो. सिग्नलला लोक बघायचे. सुरुवातीला मला लाज वाटली, नंतर वाटेनाशी झाली.

आणि चीड कशाची, तर गावापासून हाकेच्या अंतरावर एका सरकारी दवाखान्यात डायलिसिसचं मशीन आहे. फीत कापली, पेढे वाटले, तात्यांनीही एक पेढा खाल्ला, जो त्यांनी खायला नको होता. मशीन आलं, मशीन चालवणारा माणूस आला नाही. त्या पदाला मंजुरीच नाही. मशीनवरचं प्लॅस्टिक अजून तसंच आहे. मी कितीतरी वेळा खिडकीतून वाकून बघितलंय, म्हणून सांगतो.

निवडणूक लागली तेव्हा मला पहिल्यांदाच आशा वाटली. आमच्या भावकीची एक रीत आहे. आम्ही मतासाठी पैसे घेत नाही, जेवणावळीला जात नाही. सगळी घरं खंडोबाच्या देवळात बसतात, ज्याला मतं द्यायची त्याच्या माणसाला बोलावतात आणि गावासाठी एकच काम मागतात. त्यानं हो म्हटलं की देवापुढं ताटात ठेवलेला बेल आणि भंडारा प्रत्येक घरचा थोरला हातात उचलतो. एकदा बेलभंडारा उचलला की अख्ख्या घराचं मत बांधलं गेलं. या रितीचा आमच्या लोकांना मोठा अभिमान आहे. याच रितीनं आजवर रस्ता आणला, पाण्याची टाकी आणली, शाळेच्या खोल्या आणल्या. या वेळी माझे चुलते, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, ते स्वतः घरी आले आणि म्हणाले, "तात्या, यंदा मशीनवरला माणूस मागायचा. तुमचं हाल बघवत न्हायती." त्या दिवशी तात्यांनी दोन घास जास्त खाल्ले.

दोन्ही बाजूंचे उमेदवार सारखेच सांगत होते. हे देऊ, ते माफ करू, यंव करू, त्यंव करू. पैसे कुठून आणणार हे कोणी विचारत नव्हतं. मीही विचारत नव्हतो. माझ्या बायकोच्या खात्यावर सरकारकडून महिन्याला पैसे येतात आणि त्यातच आमचं बारामतीचं पेट्रोल भागतं. तेही उसने आहेत हे मी तिला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग पेट्रोल कशात टाकायचं ते सांगा." धडा शिकवणं वेगळं आणि मोटरसायकलची टाकी भरणं वेगळं.

बैठकीच्या संध्याकाळी ताट मांडलं गेलं. तात्या भावकीत सगळ्यांत थोरले, म्हणून पहिला हात त्यांचा. त्यांना खांबाला टेकून बसवलं होतं, पाय सुजलेले, पुढं पसरलेले. उमेदवाराचा कार्यकर्ता आला, तात्यांच्या पाया पडला. आबांनी मागणी सांगितली. कार्यकर्त्यानं मान खाली घातली. खोटं बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. पण तो पोरगा खरं बोलला.

"आबा, तुमी बेल उचलनार, म्हणून देवाम्होरं खोटं बोलत न्हाय," तो म्हणाला. "मशीन पाहिजे तर अजून एक आनू. माणूस न्हाय आनता येत. माणसाला दर महिन्याला पगार लागतो, आन् नव्या पगाराला वरनं बंदी हाय."

मी उठलो. म्हणालो, "अहो, मशीन घ्यायला कर्ज काढता आणि ते चालवायला माणूस नाही, हे कुठलं गणित?"

"सर, तुमी तर शिकवता हे," तो म्हणाला. टोमणा नव्हता तो, खरंच मदत मागत होता. "एकदाच व्हनारा खर्च आन् कायमचा खर्च, ह्यातला फरक तुमीच सांगा की ह्यांना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी फळ्यावर हजारदा लिहिलंय ते. भांडवली खर्च एका बाजूला, महसुली खर्च दुसऱ्या बाजूला, मध्ये रेघ. वर्गात मी हेही सांगतो की व्याज, पगार आणि पेन्शन भागवून हातात फार थोडं उरतं, आणि कर्ज काढायचं तर ते बांधकामाला काढावं. तेच मी खालच्या आवाजात देवळात सांगितलं. माझा आवाज मला परका वाटत होता. बापाचा जीव त्या रेघेच्या चुकीच्या बाजूला बसलेला होता, खांबाला टेकून, आणि रेघ कुठं असते ते मी गावाला समजावून देत होतो.

आता खरं तर उठायला हवं होतं. मागणी मंजूर नाही, मत नाही, विषय संपला. पण आमच्यात एकदा ताट देवापुढं मांडलं की ते तसंच उचलायचं नसतं. तो अपशकुन, देवाचा अपमान. आजवर कधी तशी वेळच आली नव्हती. आबा अस्वस्थ झाले. म्हणाले, "मग दुसरं काय हाय तुमच्याकडं?"

कार्यकर्त्यानं मोबाईल काढला. देवळापुढं सभामंडप हवा का? तो होता. पेव्हर ब्लॉक? ते मागच्या वेळी घेतले. चौकात मोठा दिवा? तो बंद पडलाय, पण आहे. बोट खाली सरकत गेलं. मग तो थोडा थांबला आणि म्हणाला, "स्मशानभूमीचं शेड हाय. त्याला पैसा लगेच भेटतो."

प्रत्येक जण दुसरीकडे बघत होता. कोणी छताकडे, कोणी चपलांकडे. तात्यांकडे बघायची कोणाची हिंमत नव्हती, माझीही नव्हती. बोलले ते तात्याच.

"घ्या की मग शेड," ते म्हणाले. "पावसात सरण पेटत न्हाय. लोकांचं हाल व्हत्यात."

"तात्या, तुमी गप बसा," मी म्हणालो.

"मी कशापायी गप बसू? थोरला मी हाय." मग त्यांनी मला जवळ बोलावलं. "मला धरून उठीव."

मी धरलं. काय करणार होतो? त्यांच्या काखेत हात घालून मी त्यांना ताटापाशी नेलं. त्यांनी बेल उचलला, भंडारा उचलला, कपाळाला लावला आणि उरलेला माझ्या कपाळाला लावला. मागोमाग बाकीचे उठले. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं होतं. कार्यकर्ता तर रडत होता. मला त्या सगळ्यांचा इतका राग आला की देऊळ पेटवून द्यावंसं वाटलं, आणि त्यातला एकही माणूस वाईट नव्हता.

मतदान नेमकं डायलिसिसच्या दिवशी आलं. मी म्हणालो, आधी बारामतीला जाऊन येऊ, मग बघू. तात्या ऐकेनात. परत येताना आपल्याला शुद्ध नसते, मग मत कसं देणार, असं त्यांचं म्हणणं. चुलत भावाची जीप आली, तात्यांना खुर्चीसकट उचलून शाळेत नेलं. रांगेतल्या लोकांनी वाट करून दिली. आत जाण्याआधी त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"तू तितं काय येडंवाकडं दाबू नगंस," ते म्हणाले. "माझा हात देवाम्होरं गेलाय. त्यात तू पन हायेस."

मी 'वरीलपैकी कोणी नाही' दाबणार होतो. त्यांना ते ओळखू आलं होतं. पुठ्ठ्याच्या त्या आडोशामागे मी एकटाच उभा होतो, कोणी बघत नव्हतं. मी कितीतरी वर्षं पोरांना सांगत आलोय की मत ही नागरिकाची खासगी गोष्ट आहे. शेवटच्या बटणापाशी माझं बोट गेलं आणि तिथून परत आलं. बापाचा शब्द मोडायचा तर तो वाचणार असेल तेव्हा मोडावा. नुसत्या माझ्या रागासाठी काय मोडायचा? मी त्यांनी सांगितलेलं बटण दाबलं. बाहेर येऊन शाळेच्या भिंतीला डोकं टेकून रडलो. आबांनी पाठीवर हात ठेवला तो मी झटकून टाकला.

आमचा उमेदवार निवडून आला. दिलेला शब्द त्यानं पाळला, त्याला नाव ठेवायला मला जागा नाही. लोखंडी खांब आले, पत्रा आला, फरशी झाली, बसायला सिमेंटची बाकडी झाली. आमच्या गावात वेळेत पुरं झालेलं दुसरं सरकारी काम मला आठवत नाही. माझ्या जागेला मंजुरी आलेली नाही, मशीनवरचं प्लॅस्टिक निघालेलं नाही. वर्गात मी तोच धडा शिकवतो. त्या वर्षीची बरीचशी पोरं आता लोणी देवकरच्या एमआयडीसीत कंत्राटावर कामाला जातात. वाढ होतेय असं पेपरात येतं.

परवा बारामतीहून परतताना तात्या म्हणाले, शेड बघायचंय. मी नको म्हणालो, त्यांनी हट्ट धरला. गाडी लावली, उपरण्याची गाठ सोडली, त्यांना धरून बाकड्यावर बसवलं. ते बराच वेळ वर पत्र्याकडे बघत होते. पत्रा चांगला जाड वापरलाय म्हणाले. वारं कुठून येतं, पावसाची झड कुठल्या बाजूनं आत येईल, हे बोटानं दाखवलं. मला ते ऐकवत नव्हतं आणि उठताही येत नव्हतं.

डॉक्टर मला बाजूला घेऊन जे सांगतात ते महिन्यांत सांगतात. निवडणूक पाच वर्षांनी येते.

"पुढल्या बारीला मात्र माणूसच मागायचा," तात्या म्हणाले. "आदी आपल्याला कळलं न्हाय. पुढल्या बारीला ताट मांडायच्या आदी इचारून घ्यायचं."

"व्हय तात्या," मी म्हणालो. "पुढल्या बारीला मागू."