पाठमोऱ्या बायका

सोमवार, १४ ऑगस्ट २००६. सकाळपासून भुरभुर. दुधाची पिशवी फुटकी निघाली, बदलून आणली. अकराला बँकेत गेले. पासबुकाचं मशीन बंद. दुपारी शालन अवेळी घरी आली. नोकरी सोडली म्हणाली. चपला हातात होत्या, एकीचा अंगठा तुटलेला. चहा दिला, तो तिने घेतला. मग संध्याकाळपर्यंत बोलत बसली.

शालन ओव्हाळ येरवड्यातली. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतलेली, वडील सरकारी छापखान्यात खिळे जुळवायचे. आईवडील गेल्यावर भावाने घर विकलं, तेव्हा तिने त्याच भागात माझ्या घराच्या वरच्या मजल्यावरची एक खोली भाड्याने घेतली. लग्न केलं नाही. विचारणाऱ्यांना ती म्हणायची, "वेळच झाला नाही हो, डेडलाइन होती."

तिने चित्रकलेचा डिप्लोमा केला, तेव्हा साड्यांच्या सेलचे फलक हाताने रंगवले जायचे. ते काम तिने आठ वर्षं केलं. मग एका दिवाळीत कॉम्प्युटर आला आणि पुढच्या दिवाळीपर्यंत रंगवणारे सगळे घरी बसले. शालन बसली नाही. बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या वर एक क्लास चालायचा, तिथे पस्तिशीला आलेली ही बाई कॉलेजच्या पोरांमध्ये बसून माउस धरायला शिकली. त्याच क्लासात तिला राकेश घुले भेटला.

राकेश शहराच्या पूर्वेकडच्या एका गावचा. गाव महापालिकेत आलं, घुल्यांची जमीन आयटी पार्कला गेली. आलेल्या पैशातून थोरल्या भावाने गाड्या घेतल्या आणि त्याच पार्कातल्या कंपनीत कंत्राटावर लावल्या. राकेशने आपल्या वाट्यातून जाहिरातीची एजन्सी काढली, पण साबण-तेलाची नाही. अंधशाळा, कुष्ठरोग्यांची वसाहत, अनाथाश्रम यांच्यासाठी. "ह्यांच्याकडे सांगायला सगळं आहे, पण सांगता येत नाही," असं तो म्हणायचा आणि ते खरंच होतं. एजन्सीचं नाव ठेवलं 'हाक'. शनिवार पेठेत चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्या. येणारेजाणारे पत्ता विचारून पिडतात म्हणून दुकानदाराने खाली पाटी लावली होती: 'समाजसेवा वर. येथे फक्त चष्मे.'

सुरुवातीची वर्षं कोरडी गेली. पण दोन हजार सालानंतर वारं बदललं. कंपन्यांना समाजकार्य हवं झालं. पोरंपोरी पगारातून महिन्याला थोडे पैसे कापून द्यायला तयार होती, फक्त कशासाठी ते त्यांना दिसायला हवं होतं. राकेशने नियमच करून टाकला: एक चेहरा, एक गोष्ट. दहा मुलांचा घोळका दाखवला की कोणी खिशात हात घालत नाही. एकीचे डोळे दाखवले की घालतात. तो चेहरा शोधून आणायचं काम शालनचं. लोक तिच्याशी बोलायचे. ती कॅमेरा पिशवीतच ठेवायची, आधी भाजी निवडू लागायची.

दीपालीताईंचा आश्रम शहरापासून तासाभरावर होता. नवऱ्याच्या माराला कंटाळून, जिवाच्या भीतीने पळून आलेल्या बायका तिथे राहायच्या. दारावर पाटी नव्हती. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याकडून ताई फाटकातच वदवून घ्यायच्या की इथला पत्ता बाहेर सांगणार नाही. फोटोतही बायका नेहमी पाठमोऱ्या. त्या वर्षी छप्पर इतकं गळायला लागलं, की पावसाळ्यानंतर जागा सोडावी लागेल, अशी वेळ आली.

"ताई, पाठमोऱ्या बाईला कोणी पैसे देत नाही," राकेश म्हणाला.

"आमच्या बायका पाठमोऱ्याच बऱ्या," ताई म्हणाल्या.

"अहो, पण बघणार कोण? सगळं इंग्रजीत. भावाच्या गाड्या लागतात त्या कंपनीच्या आत. कार्ड दाखवल्याशिवाय माशीसुद्धा आत जात नाही तिथे."

ताई शालनकडे वळल्या. "तुम्हाला काय वाटतं?"

शालनला वाटलं ते तिने सांगितलं. चेहरा असेल तर पैसे येतील, आणि ज्यांच्यापासून लपायचं आहे ते लोक तिथे येत नाहीत. मग ताई म्हणाल्या, "एक असेल. तिला विचारा. नाही म्हणाली तर विषय संपला."

ती राजनंदिनी. नाव राजघराण्यातलं आणि बाई भाकरीसारख्या चेहऱ्याची, चोवीस वर्षांची, हसली की एका बाजूचा दात तुटलेला दिसायचा. तो नवऱ्याने, सूरजने, तवा मारून तोडला होता. एकदा त्याने तिच्यावर रॉकेल ओतून काडी पेटवायला घेतली, तेव्हा ती दोन वर्षांच्या लेकीला, मुक्ताईला काखेत मारून रानातून पळाली. त्यालाही आता दोन वर्षं झाली होती. मुक्ताई आश्रमाजवळच्या बालवाडीत जायची आणि राजनंदिनी ऑर्डरच्या पोळ्या लाटायची.

"फोटू?" ती शालनला म्हणाली. "माझा फोटू लग्नात काढल्याला. त्यात बी मान खाली."

"ह्यात वर ठेव."

"आन् बघणार कोण, ताई?"

"कॉम्प्युटरवाले. मोठ्या पगाराची माणसं."

"त्यांच्यात आमचं कोन हाय!" असं म्हणून ती हसली. शालनही हसली, आणि तेवढ्यात बटण दाबलं. तुटक्या दातासकट हसणारा, पिठाच्या हाताने केस मागे सारणारा तो फोटो शालनच्या सगळ्या कामात उजवा होता. नाव अर्थातच बदललं. खाली दोन ओळी इंग्रजीत.

जुलैच्या शेवटी तो फोटो कंपनीच्या मोठ्या दारात माणसाएवढ्या उभ्या फ्लेक्सवर लागला. आठवड्याभरात पैसे देणाऱ्यांची इतकी नावं आली, की राकेशने खालच्या चष्मेवाल्यालाही पेढे दिले. छप्पर होणार होतं. पैसे देणाऱ्यांना काम बघायचं होतं म्हणून ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी दहाबारा मुलामुलींना आश्रमात न्यायचं ठरलं. गाडी राकेशच्या भावाची. ड्रायव्हर समाधान नावाचा तरुण मुलगा, सोलापूरकडचा, दिसायला शांत. फाटकात दीपालीताईंनी सगळ्यांकडून नेहमीचं वचन घेतलं. मुलांनी ते गंभीरपणे दिलं. समाधान तेव्हा गाडी लावत होता. त्याला नंतर शालननेच बाहेर चहा नेऊन दिला.

पुढच्या गुरुवारी सूरज बालवाडीत आला. बरोबर बहीण, हातात क्रीमची बिस्किटं. मी बाप आहे म्हणाला. बालवाडीच्या बाईंनी मुक्ताईला विचारलं, हे कोण? तिला आठवत नव्हतं, पण बिस्किट घेतलं होतं. ती त्याच्याबरोबर गेली.

शुक्रवारी सकाळी दीपालीताईंचा फोन आला, तेव्हा शालन ऑफिसात नवीन पत्रकाचा रंग ठरवत होती. रिक्षा, बस, पुन्हा रिक्षा करत ती पोलीस चौकीवर पोचली. ताई हवालदाराशी भांडत होत्या.

"बाई, बापाने स्वतःची पोरगी नेली, ह्यात गुन्हा कुठला लावू मी? कोर्टात जा."

"कोर्टाला सहा महिने लागतील! तोवर त्या पोरीचं काय?"

"उलट तो तुमच्याविरुद्ध तक्रार द्यायला आलाय. बायको डांबून ठेवली म्हणतो."

सूरज बाकावर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला बुक्का, आवाज मवाळ. शालनला वाटलं होतं, राक्षस दिसेल. तो उठून तिला नमस्कार करून म्हणाला, "ताई, फोटो तुम्ही काढला ना? उपकार झाले. दोन वर्षं शोधत होतो."

राजनंदिनी त्याच्या शेजारी डोक्यावर पदर घेऊन बसली होती. दीपालीताईंनी तिला बाजूला नेलं. आपण वकील देऊ, मुलगी परत आणू, थोडा धीर धर, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "ती त्याच्या आईपाशी हाय, ताई. म्हातारी बी तसलीच. रात्री पोरगी मला हुडकत आसंल." आणि हवालदारापुढे जाऊन तिने सांगितलं, "मी माज्या मर्जीनं चाललेय."

सूरजने आणलेल्या जिपेत चढताना ती शालनपाशी थांबली. शालनला वाटलं, ही आता काहीतरी बोलेल, शिव्या देईल, थुंकेल. तसं झालं असतं तर बरं, असंही तिला वाटलं.

"फोटू लई चांगला आला म्हनत्यात," राजनंदिनी म्हणाली. "मला कुनी दावला न्हाई."

जीप गेली.

शालन तिथून थेट कंपनीच्या गाडीतळावर गेली. समाधान गाडी धूत होता. तिला बघून त्याला आनंदच झाला.

"गेली का वहिनी घरला? माझ्या गावाकडचीच हाय ती, सूरज माझा भावकीतला. मी त्या फोटोवरनंच वळखली. मग शनिवारी खिडकीत बी दिसली, तवा ठिकाण बी कळलं."

"तू सांगितलंस गावाकडे?"

"मंग? ताई, गावात समदी म्हनत हुती की पोरीला घिऊन विहिरीत गेली. तिच्या आईनं तेरावं घातल्यालं. मी फोन लावला, म्हनलं, मावशे, रडू नगं, तुजी लेक जित्ती हाय, केवढ्या मोठ्या फोटोत हाय, एसीत!" मग तिचा चेहरा बघून त्याचा हात थांबला. नळी तशीच वाहत राहिली. "काय झालं? सांगायचं नव्हतं का? मला कुनी बोललं न्हाई तसं."

कोणीच बोललं नव्हतं. शालन त्या दारातून वर्षभर येत-जात होती. दारापाशी गाड्यांची रांग असायची, ड्रायव्हर चहा पीत उभे असायचे, झाडूवाल्या बायका तो फ्लेक्स रोज ओल्या फडक्याने पुसायच्या. सगळी गावाकडून आलेली माणसं. फ्लेक्सवरच्या ओळी कोण वाचेल ह्याचा हिशेब तिघांनी मिळून केला होता. चित्र बघायला वाचता यावं लागत नाही, हे चित्रं काढण्यात आयुष्य गेलेल्या शालनलाही सुचलं नव्हतं. "नळ बंद कर," एवढंच म्हणून ती निघाली.

सोमवारी सकाळी ऑफिसात राकेश आधीच येऊन बसला होता. डोळे लाल. तोही दोन दिवस झोपला नव्हता. वकील गाठला होता, भावाशी भांडला होता. तो वाईट माणूस नव्हता.

"तो फ्लेक्स आजच्या आज काढ," शालन म्हणाली.

"उद्या पंधरा ऑगस्ट आहे. कंपनीचा कार्यक्रम आहे, मोठे साहेब येणार आहेत त्याच्यासमोर. परवा काढतो."

"राकेश, ती बाई तिकडे गेली."

"मला माहितीये! काढल्याने परत येणार आहे का ती? शालनताई, प्रॅक्टिकली बोला. छपराचं काम सुरू झालंय. अजून चाळीस बायका आहेत त्याच्याखाली. आता मध्येच थांबवलं तर त्या कुठे जाणार?" मग आवाज उतरवून म्हणाला, "फार तर चेहरा बदलू. दुसरी कोणी बघा ना. तुमच्याशी बोलतात त्या."

शालनने टेबलाच्या खणातून आपला डबा, चष्मा आणि एक जुना ब्रश काढून पिशवीत टाकला. राकेश "अहो ताई, अहो बसा तरी" म्हणत जिन्यापर्यंत आला.

तिथून ती कंपनीत गेली. काचेतून फ्लेक्स दिसत होता. राजनंदिनी हसत होती आणि तिच्या बाजूने तिरंगी फुगे बांधायचं काम चाललं होतं. फाटकावरच्या रखवालदाराने तिला ओळखलं, पण आत सोडलं नाही.

"मॅडम, एजन्सीचं पत्र लागेल."

"मी एजन्सीत नाही आता."

"मग तर जमणारच नाही." तो ओशाळून म्हणाला, "परवा नेणारच आहेत की."

ती फाटकापाशी किती वेळ उभी होती, ते तिला सांगता आलं नाही. पाऊस वाढला. परतताना चिखलात चपलेचा अंगठा तुटला.

पुढे शालनने महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्त होईपर्यंत तिने माणसाचा फोटो म्हणून काढला नाही, मुलांच्या सहलीतही कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्यायची. आश्रमाचं छप्पर पूर्ण झालं. दीपालीताईंनी राजनंदिनीच्या आईकडे दोनदा माणूस पाठवला. पहिल्यांदा आई म्हणाली, बरी आहे. दुसऱ्यांदा म्हणाली, त्यांनी गाव सोडलं, कुठे गेले ते ठाऊक नाही, आणि दार लावून घेतलं. त्यानंतर काही कळलं नाही.

पण त्या सोमवारी ह्यातलं काहीच अजून व्हायचं होतं. बोलून झाल्यावर शालनने आपली कपबशी विसळून पालथी घातली आणि जिना चढून वर गेली. माझ्या डायरीत त्या दिवसाची शेवटची ओळ अशी आहे: संध्याकाळी नळाला पाणी आलं नाही, वरच्या खोलीत एक कळशी पाठवली.