एकट्याने भरलेलं रीळ

गळाने मासे गरवायची जुनी रिळं जलद करून देणं, हे माझं काम. जन्मभर होड्यांची इंजिनं दुरुस्त केली, त्यातूनच हे हाताला लागलं. जुनं रीळ म्हणजे वजनदार, आत पितळेची चाकं, जहाजावर गेलेल्या माणसांनी कुठल्या कुठल्या बंदरातून आणलेलं. मोडत नाही, पण मंद. मूठ एकदा फिरवली की दोऱ्याची चकरी तीनदाच फिरते. तळातला गोब्रा मासा काढायला तेवढं पुरतं, सुरमईला पुरत नाही. सुरमई पळत्या माशामागेच धावते. गळाला लावलेला खोटा मासा जरा रेंगाळला की ती पाठ फिरवते. म्हणून मोठं चाक आणखी मोठं बसवायचं, धाकटं आणखी धाकटं, की तीच चकरी पाचदा फिरते. पण जलद झालं की फिरवायला जड होतं. मग मूठही दोन बोटं लांब करावी लागते. फुकट काही होत नाही.

एवढं मी एकटा करतो. पुढचं काम दोघांचं. रिळावर तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, ताणून भरावा लागतो. एकाने मूठ फिरवायची, दुसऱ्याने समोर बसून ओल्या फडक्यात तंगूस दाबून धरायचा. सोडायचा नाही आणि अडवायचाही नाही. सैल भरला तरी वरून बरा दिसतो. मासा ओढायला लागला की वरचा वेढा खालच्या सैल वेढ्यांत रुततो, अडकतो आणि तुटतो.

फडकं धरायला माझी बायको असायची. पडवीत खांबाला पाठ लावून, पाय लांब करून बसायची, बाजूला पाण्याचं टमरेल. जलद केलेलं पहिलं रीळ भरलं तेव्हा तंगूस असा सरसरत गेला की फडकं सुकलं आणि तिचं बोट भाजलं. बोट तोंडात घालून म्हणाली, "एवढी घाई कोणाला आहे?" मी म्हटलं, सुरमईला. ती हसली नाही. पुढच्या वेळी फडक्याची चौपदरी घडी करून घेऊन आली. भरताना आम्ही बोलत नव्हतो. ती मधूनच "हळू" म्हणायची आणि मी हळू करायचो नाही. हे आता टोचतं. केलं असतं हळू तर काय बिघडलं असतं.

ती जाऊन नऊ महिने झाले. ताप आला आणि सातव्या दिवशी गेली. त्यावर मला लिहिता येत नाही.

त्यानंतर मी काम बंद केलं. लोक यायचे, मी नाही म्हणायचो, मग यायचे थांबले. मग एक दिवस भाई आला. भाई म्हणजे माझा दोस्त, मोहल्ल्यातला, सगळी उमर जहाजावर काढलेला. भगवती बंदराच्या कातळावर आम्ही कितीतरी वर्षं बरोबर गरवलंय. तो मला मिस्त्री म्हणतो. त्याने आपलं रीळ माझ्यासमोर ठेवलं. तरुणपणी पहिल्या पगारात घेतलेलं, आजवर मलाही खोलू दिलं नव्हतं. म्हणाला, मुलगा दुबईला बोलावतोय, थंडी संपली की जायचं, बहुतेक कायमचं. त्याआधी या रिळाने एक सुरमई काढायची आहे. त्याला नाही म्हणता आलं नाही.

गिअर झकास बसले. राहिला तंगूस. शेजारची सून म्हणाली, काका, मी धरू का. मी नको म्हटलं. त्या खांबाला टेकून दुसरं कोणी बसलेलं मला बघवलं नसतं. तंगुसाचं बंडल खिळ्याला अडकवलं, फडकं पायाच्या बोटांत धरलं आणि एकट्यानेच भरलं. म्हाताऱ्या पायात कसला जोर. अंगठा दाबून बघितला तर वेढे नरम लागले. तरी रीळ देऊन टाकलं. चालेल, म्हटलं.

तिसऱ्या सकाळी कातळावर भाईला सुरमई लागली. मोठी होती, पाण्यात तिची पाठ मी बघितली. भाईने तिला काठाकडे आणत आणली, तिने एक जोराचा हिसका दिला, तंगूस रिळातच अडकला आणि तुटला. भाई गळाची काठी धरून तसाच उभा. मागे कोणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याने चांगलं रीळ नासवलं. घरी जाताना भाई मला म्हणाला, "राहू दे यार, जुनेच गिअर परत बसव. आपल्या वयाला जलद झेपत नाही."

मी बसवले असते तर कोणाला काही कळलं नसतं. दोष गिअरवर गेला असता, आणि भाई ती सुरमई आपल्या वयामुळे गेली असं समजून दुबईला गेला असता. दोन दिवस गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो आणि उभ्यानेच सांगितलं.

"गिअर बरोबर आहेत. तंगूस सैल भरला होता. एकट्याने भरला."

"एकट्याने? मग मी काय मेलो होतो?"

त्याने चपला घातल्या, रीळ उचललं आणि माझ्या आधी रस्त्याला लागला.

घरी आल्यावर तो सरळ पडवीत शिरायला लागला. मी म्हटलं, तिकडे नको. अंगणात ऊन रणरणत होतं. मी स्टूल टाकलं, त्याने डोक्यावर रुमाल टाकला आणि बसला. सगळा तंगूस उलगडला, परत भरायला घेतला. सुरुवातीला तो फडकं फारच आवळून धरत होता. त्याला म्हटलं, सोड जरा, जहाज नाही बांधायचं. मग हात बसला. बडबड मात्र थांबेना, एडनची, मोंबासाची, कुठल्या तरी आचाऱ्याची. मला ती सवय नव्हती. भरून झाल्यावर अंगठा दाबला. दगडासारखं.

भाईने रुमालाने तोंड पुसलं. म्हणाला, "अजून असतील तर काढ. आहे तोवर धरतो."

बायको असतानाची, गिअर बसवून झालेली आणि भरायची राहिलेली चार रिळं आत फळीवर होती. मी एकच आणलं. बाकीच्या तिन्हींसाठी त्याला परत यावं लागेल.