बोळक्यातला मणी

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेच्या गोडादऱ्यात आमच्या शेजाऱ्यांकडे आलेला तो माणूस दाराला कुलूप बघून आमच्याकडे टेकला. आम्ही पोरं फाशांचा एक खेळ मांडून बसलो होतो. मावसभावाने तो हॉस्टेलवरून आणलेला. प्रत्येकाने गोष्टीतलं एक पात्र व्हायचं. जादूगाराला मंत्र टाकायचा तर मेलेल्या कुणाचा तरी आत्मा जाळावा लागे. आत्मे म्हणजे मणी, आणि ते मातीच्या बोळक्यात ठेवलेले.

एक गडी कमी होता, म्हणून त्याला जादूगार केलं. भुवयांवर सुताची लव. यंत्रमागाच्या खडखडाटात राहून तो साधं बोलणंही ओरडूनच बोले. फासा आधी कपाळाला लावी, मग टाकी.

खेळात गुहेचं दार बंद झालं. बोळक्यात एकच मणी उरला होता, वाटेत मेलेल्या आमच्या सोबत्याचा.

"जाळा ना, काका," मावसभाऊ म्हणाला. "नाहीतर आपण सगळे मेलो."

त्याने बोळक्यावर हात झाकला. पहिल्यांदाच हळू बोलला, "गेलेल्या भावाच्या नावानं आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, पाण्याची घागर भरतो मी. तहानलेला असतो तो. जाळू कसा?"

"अहो, खेळ आहे हा."

"असू दे. मग मरू या की."

त्याला प्यायला दिलेल्या पेल्यात उरलेलं पाणी त्याने बोळक्यात ओतलं, राम राम केला आणि गेला.

तोवर आम्ही किती मणी जाळले होते, कुणालाच सांगता आलं नसतं. बोळकं हळूहळू झिरपत होतं. संध्याकाळी मावसभावाने ते उचललं, आणि गुपचूप पुन्हा पाण्याने भरून ठेवलं.